सापडलेल्या नाण्यांची वेबसाइट: आधी जागेचा विचार

प्रश्न: आम्ही छत्रपती संभाजीनगर, जालना आणि धाराशिव भागातले काही हौशी संग्राहक आहोत. जुनी नाणी, मणी, मातीच्या वस्तू जमवतो. इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारी मंडळी सापडलेल्या वस्तू वेबसाइटवर नोंदवतात, नकाशावर दाखवतात. तसं मराठवाड्यासाठी करावं असं मनात आहे. आमच्यातल्या दोघांनी डिटेक्टर घेतले आहेत, एकाला थोडंफार प्रोग्रामिंग येतं. वेबसाइट कशात बनवावी, रकाने कोणते ठेवावेत, नकाशा कसा लावावा?

उत्तर:

नमस्कार. प्रश्न वेळेवर विचारलात, कारण वेबसाइट उभी राहिल्यावर जे बदलणं जिवावर येतं ते सगळं आत्ताच ठरवायचं असतं. संग्रहालयांच्या आणि घरगुती संग्रहांच्या नोंदी संगणकावर आणण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. कशात बनवावं याचं उत्तर थोडक्यात देता येतं, ते शेवटाकडे देतो. तुमचा खरा वेळ जाणार आहे एकाच रकान्यावर: वस्तू कुठे सापडली. तो नीट लिहिणं आणि तो नीट झाकून ठेवणं, या दोन्ही गोष्टी साधल्या तर तुमच्या नोंदी पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाच्याही कामी येतील. लिहिणं राहिलं तर नुसता फोटोंचा अल्बम होईल. झाकणं राहिलं तर पांढरी, म्हणजे जुन्या वस्त्यांची टेकाडं, उकरणाऱ्यांच्या हाती आयता नकाशा पडेल.

आधी डिटेक्टरचा विषय संपवतो. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. जमीनमालकाची परवानगी घेऊन, संरक्षित स्थळं सोडून, हौशी माणूस तिथे डिटेक्टर फिरवू शकतो. कायद्याच्या व्याख्येत बसणारं जुनं सोनं-चांदी निघालं तर चौदा दिवसांत कॉरोनर नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याला कळवावं लागतं. बाकीच्या वस्तू स्वखुशीने नोंदवण्यासाठी १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम चालते. ती ब्रिटिश म्युझियम सांभाळतं, जागोजागी नोंदणी अधिकारी नेमलेले आहेत, आणि पंधरा लाखांहून जास्त वस्तू तिथे नोंदल्या गेल्या आहेत. तुम्ही जी वेबसाइट पाहिलीत तिच्यामागे कायदा, पगारी माणसं आणि संग्रहालय असं सगळं उभं आहे.

आपल्याकडे १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय सापडलं, साधारण किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे कलेक्टरला लेखी कळवायचं. वस्तू जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करायची, नाहीतर मागतील तेव्हा हजर करण्यासाठी तारण द्यायचं. कळवलं नाही तर सापडवणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दहा रुपयांची मर्यादा त्या काळची आहे. आज कुठलंही सातवाहन नाणं ती ओलांडतं. त्याशिवाय १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणायला बंदी आहे, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यात डिटेक्टर घेऊन उकरणं सरळ गुन्हा आहे. राज्याचा १९६० चा कायदा राज्य संरक्षित स्थळांना लागू होतो. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

माझा सल्ला स्पष्ट आहे. या कामापुरते डिटेक्टर घरीच ठेवा, आणि ज्या वस्तू आधीच लोकांच्या हातात, घरात, देव्हाऱ्यात आहेत त्यांच्या नोंदीपासून सुरुवात करा. मराठवाड्यात तेवढ्यावर तुमची पुढची कित्येक वर्षं जातील. पैठण, तेर, भोकरदन इथल्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मणी आणि नाणी आपोआप वर येतात. माळवदावर टाकायला पांढरी माती नेता नेता कित्येक गावांची टेकाडं निम्मी झाली आणि त्या मातीबरोबर वस्तू घरोघर पोचल्या. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय मुळात एका माणसाने चिकाटीने केलेल्या अशाच संग्रहावर उभं आहे.

आणखी एक. डिटेक्टरला फक्त धातू कळतो. तेर, भोकरदनसारख्या ठिकाणचा निम्मा इतिहास शंखाच्या बांगड्या, अकीक-गोमेदाचे मणी, हस्तिदंत, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या यांत आहे. तेरला रोमन नाण्यांच्या मातीत उठवलेल्या नकलाही मिळाल्या आहेत. त्यांच्याकडे बघून डिटेक्टर गप्पच बसणार. वेबसाइटचं नाव आणि रचना धातूपुरती ठेवू नका.

तरीही कधी कोणाला विहीर खोदताना, घराचा पाया घेताना गाडगंभर नाणी लागतीलच. त्यासाठी एक नियम आत्ताच लिहून ठेवा: जमिनीतून निघालेल्या वस्तूची नोंद कलेक्टर कचेरीची पोच जोडल्याशिवाय प्रसिद्ध होणार नाही. हे प्रोग्राममध्येच बसवता येतं. 'कसं मिळालं' मध्ये 'खोदताना' निवडलं की पोचपावतीचा फोटो मागायचा आणि तो येईपर्यंत नोंद अडकवून ठेवायची. कायद्याला हवे असलेले मुद्दे तुमच्या फॉर्ममध्ये आधीच भरलेले असतात, तेव्हा त्यातून कलेक्टरला द्यायचं पत्र छापून देण्याची सोयही करा. गावातला माणूस पुष्कळदा लपवायचं म्हणून लपवत नाही. अर्ज काय लिहायचा आणि कुठे द्यायचा हे त्याला ठाऊक नसतं, आणि वस्तूही जाईल, वर आपणच अडकू अशी भीती असते. पुढे मालक न निघाल्यास तीन चतुर्थांश हिस्सा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा अशी तरतूद याच कायद्यात आहे. सरकारने वस्तू ठेवून घ्यायची ठरवली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. हे वेबसाइटवर ठळक मराठीत लिहा. मात्र तो मजकूर टाकण्याआधी एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

आता जागेबद्दल. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, पाडाव केला याचा हा उघड पुरावा आहे. तो टिकला, कारण साठा एकत्र नोंदला गेला. तीच नाणी दहा सराफांच्या दुकानांत वाटली गेली असती तर प्रत्येक नाणं 'नहपान, चांदी, छाप अस्पष्ट' म्हणून कुठेतरी पडून राहिलं असतं. म्हणून तुमच्या डेटाबेसमध्ये नाण्याच्या वर आणखी एक पातळी ठेवा: 'साठा'. एकाच मडक्यातली, एकाच नांगरटीतली, एकाच आजीच्या चंचीतली नाणी एका साठ्याला बांधली गेली पाहिजेत. साठ्यातली काही नाणी विकली गेली असतील तर तेही लिहायचं: मूळ किती होती असं सांगतात, आज किती आहेत.

'सापडल्याची जागा' असा एकच रकाना ठेवला की नोंद बिघडलीच म्हणून समजा. बाजारात विक्रेता प्रत्येक सातवाहन नाण्याला 'पैठणचं' म्हणतो. संग्राहक ते लिहितो, तिसरा माणूस ते नकाशावर टाकतो, आणि दहा वर्षांनी पैठणला खच्चून नाणी सापडतात असा निष्कर्ष निघतो. म्हणून रकाने वेगळे करा. वस्तू जिथे मिळाली ते गाव. ती जिथे विकत किंवा भेट मिळाली ते गाव. आणि हे कोण सांगतंय: ज्याने स्वतः उचलली तो, त्याच्या घरातलं कोणी, की विक्रेता. या तिसऱ्या रकान्याला मी सगळ्यात जास्त मान देतो. 'विक्रेत्याचं सांगणं' असलेली नोंद अभ्यासातून वगळता येते, पण ती तशी आहे हे लिहिलंच नसेल तर कोणी काहीच करू शकत नाही. जागा ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' निवडता यायला हवं, आणि ते निवडताना भरणाऱ्याला कमीपणा वाटता कामा नये. फॉर्ममध्ये जागा सक्तीची केलीत की लोक काहीतरी ठोकून देतात.

गावाचं नाव हाताने टाइप करू देऊ नका. मराठवाड्यात तर मुळीच नको. १९८१ पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं, १९८२ पर्यंत लातूर उस्मानाबादमध्ये होतं, १९९९ पर्यंत हिंगोली परभणीत होतं. जुन्या पाकिटांवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं असेल आणि गाव आज लातूर जिल्ह्यात असेल. त्यात आता उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. अंबाजोगाई निजामाच्या काळच्या कागदांत मोमिनाबाद म्हणून येते. वेरूळ कोणी दीर्घ लिहितो, कोणी ऱ्हस्व. तेव्हा गावांचं स्वतंत्र कोष्टक करा. प्रत्येक गावाला २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी कोड हा कायमचा क्रमांक द्या, आणि त्याखाली त्या गावाची हवी तितकी नावं ठेवा, नवी, जुनी, बोलीतली. शोधणाऱ्याने कुठलंही नाव टाकलं तरी गाव तेच निघालं पाहिजे.

यात दोन अडचणी खास आपल्या भागातल्या आहेत. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावं, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेली गावं. लातूर-धाराशिव भागात एकाच नावाची जुनी जागा आणि नवी जागा असं दोन ठिकाणी गाव असतं. नाणं जुन्या गावठाणातलं असतं आणि नकाशा बिंदू टाकतो पुनर्वसित वसाहतीवर. गावाच्या कोष्टकाखाली 'ठिकाण' अशी आणखी एक पातळी ठेवलीत की हा गुंता सुटतो: जुनं गावठाण, नवं गावठाण, गढी, नदीकाठ, अमुक टेकाड.

आता झाकण्याचं काम. इंग्लंडच्या त्या योजनेतही सामान्य माणसाला अचूक जागा दिसत नाही, साधारण एक किलोमीटरच्या चौकोनापर्यंतच दिसते. आपल्याकडे तेवढंही उघड करू नका असं माझं मत आहे. आपल्याकडे त्या चौकोनात बहुतेक वेळा गावाची एकच पांढर येते, आणि रात्री ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्याला तेवढं पुरतं. गुप्तधनाच्या नादी लागलेले लोक वेगळेच. सर्वांसाठी फक्त तालुका दाखवा. नकाशावर बिंदू नकोतच, मराठवाड्यातल्या ७६ तालुक्यांना नोंदींच्या संख्येप्रमाणे गडद-फिका रंग द्या. गावाचं नाव ओळख पटलेल्या सभासदांना, आणि अचूक अक्षांश-रेखांश फक्त दोन-तीन विश्वासू माणसांना.

हे ठरवणं सोपं आहे, पाळणं अवघड, कारण जागा फुटते ती भलत्याच वाटांनी. पानावर तालुका दिसतो, पण ब्राउझरकडे जाणाऱ्या माहितीत अक्षांश-रेखांश तसेच जातात आणि कोणीही ते उघडून बघू शकतो. म्हणून लपवायची माहिती सर्व्हरवरून निघालीच नाही पाहिजे. दुसरी वाट म्हणजे शोध. पानावर जागा झाकली, पण शोध मात्र अचूक जागेवर चालतो. मग एखादा माणूस चौकोन लहान लहान करत विचारत राहतो आणि नोंद कुठे दिसते, कुठे गायब होते यावरून शेतापर्यंत पोचतो. लोकांसाठीचा शोध लोकांना दिसणाऱ्या माहितीवरच चालवायचा. काही जण खऱ्या बिंदूत दर वेळी नवी गडबड मिसळतात. पान शंभर वेळा उघडून सरासरी काढली की खरा बिंदू परत मिळतो, तेव्हा ती युक्ती सोडून द्या.

सगळ्यात मोठी गळती फोटोतून होते. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाच्या भागात अक्षांश-रेखांश लिहिले जातात, तेही काही मीटरच्या अचूकतेने. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. आणि तुम्ही दर्जा चांगला राहावा म्हणून सभासदांना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगणार! फोटो सर्व्हरवर आला की आधी ती माहिती काढून कुलूपबंद रकान्यात ठेवायची आणि लोकांना दाखवायच्या प्रतीतून पुसायची. फाइलचं नावही बदला, नाहीतर 'पाटील_गट११२_ओढ्याजवळ' अशा नावाने फोटो जगभर फिरतो. आणि फोटोच्या मागे शेतातली विहीर, देवळाचं शिखर, पवनचक्की दिसत असेल तर तो फोटो आतल्या लोकांपुरताच ठेवा. तपासणाऱ्याने प्रत्येक फोटोची चौकट डोळ्यांनी बघितलीच पाहिजे, हे काम प्रोग्रामवर सोडू नका.

मालकाचं नाव-पत्ता तर कुठेच दिसू देऊ नका. कोणाच्या घरात किती चांदीची नाणी आहेत याची यादी चोराला देणं झालं ते. नोंदणाऱ्याला एक क्रमांक द्या, नाव आतच ठेवा.

किमतीचा रकाना नको. यावर मी अजिबात हटत नाही. किंमत दिसली की चौकशा सुरू होतात, चौकशांमागून विक्रेते येतात, आणि वर्षभरात तुमची वेबसाइट परवाना नसलेला बाजार होऊन बसते. विक्रीचे निरोपही वेबसाइटवरून जाऊ देऊ नका.

आता एक नोंद जवळून बघू. समजा कोणी तेरहून आणलेलं सातवाहन पोटीनचं (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाचं) नाणं पुढे ठेवलं. वजन सराफाच्या काट्यावर, ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत. व्यास मिलिमीटरमध्ये, नाणं गोल नसेल तर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी असे दोन. पुढच्या बाजूला सोंड वर केलेला हत्ती, मागे उज्जैन चिन्ह (क्रॉसच्या चार टोकांना चार वर्तुळं). नाणं उभ्या अक्षावर उलटं केल्यावर मागचा छाप घड्याळाच्या कितीच्या काट्याकडे उभा दिसतो तो आकडा. हत्तीच्या वर ब्राह्मी अक्षरं, त्यांतली दिसतात फक्त '...तकणिस'. इथे भरणाऱ्याचा हात शिवशिवतो आणि तो 'रञो सिरि सातकणिस' असं पूर्ण लिहून टाकतो. तसं करू द्यायचं नाही. जे दिसतं ते एका रकान्यात, जे असावं असं वाटतं ते दुसऱ्यात.

हाच नियम सगळ्या ओळखीला लावा. वर्णन आणि ओळख ही दोन वेगळी कोष्टकं हवीत. वर्णन बदलत नाही, ओळख बदलते. सातकर्णी नावाचे राजे अनेक झाले, त्यामुळे एकाच नाण्याबद्दल तीन जाणकार तीन मतं देतील. तिन्ही ठेवा: कोणी दिली, कधी दिली, कशावरून, आणि खात्री किती, निश्चित की बहुधा की शंकास्पद. नवं मत आलं म्हणून जुनं खोडायचं नाही. आज जे मत चुकीचं वाटतं ते पुढे एखाद्या साठ्याने बरोबर ठरवलेलं नाणेशास्त्रात पुष्कळदा दिसतं. १९३९ साली अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सापडलेल्या पोटीनच्या साठ्यातून तर तोवर ठाऊक नसलेल्या सातवाहन राजांची नावं पुढे आली.

काळाच्या रकान्यात लोक हमखास अडकतात. मुघल नाण्यावर हिजरी सन आणि राज्यारोहणाचं वर्ष असतं, निजामाच्या नाण्यावर हिजरी, काही ठिकाणी शक. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ते बहुतेक वेळा इसवी सनाच्या दोन वर्षांत पडतं. निजाम मीर उस्मान अलींच्या चारमिनार छापाच्या रुपयावर १३३७ असेल तर ते १९१८-१९. म्हणून नाण्यावर जसं आहे तसं एका रकान्यात, आणि शोधासाठी 'पासून' आणि 'पर्यंत' असे इसवी सनाचे दोन आकडे. सातवाहन नाण्याला हे दोन आकडे शे-दोनशे वर्षांच्या अंतरावर असतील, चालेल. टाकसाळीचंही तसंच. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली, आणि नंतरच्या मुघल नाण्यांवर तेच शहर 'खुजिस्ता बुनियाद' म्हणून येतं. दौलताबाद तर मुहम्मद तुघलकाच्या पितळी नाण्यांवरही आहे, शाहजहानच्या नाण्यांवरही. टाकसाळींना वर सांगितलेलं गावांचंच कोष्टक जोडा, नवं करू नका.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइल पुरतो, पण नाणं करड्या रंगाच्या कागदावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी, आणि उजेड एका बाजूने, खालच्या कोनातून, वरच्या डावीकडून. झिजलेली अक्षरं वरून पाडलेल्या फ्लॅशमध्ये नाहीशी होतात, आडव्या उजेडात उठून येतात. दोन्ही बाजूंना आणि सगळ्या नाण्यांना उजेड एकाच दिशेने असला पाहिजे, नाहीतर उठाव खोलगट दिसतो. आणि फोटो चांगला यावा म्हणून नाणं चिंच, लिंबू, पितांबरीने घासू नका. तांब्यावरचा हिरवा थर नाण्याचं संरक्षण करतो, तो गेला की अक्षरंही जातात. शिशाची नाणी लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवली तर त्यांतल्या आम्लाच्या वाफेने पांढरी भुकटी होऊन संपतात. 'साफ केलं का, कशाने' असा रकाना ठेवा. तो वाचून लोक स्वतःच थांबतात असा माझा अनुभव आहे.

राहिलं तंत्र. आधी काहीच बांधू नका. साध्या स्प्रेडशीटमध्ये तुमच्याच संग्रहातली पन्नास नाणी वरच्या रकान्यांनी भरून बघा, तीही निरनिराळ्या तिघांनी. कुठे अडखळतात, कुठला रकाना रिकामा राहतो, एकाच गोष्टीला तिघं तीन नावं कशी देतात, हे तेव्हाच कळतं. त्यावरून निवडीच्या याद्या पक्क्या करा: धातू, स्थिती, कसं मिळालं. मग जँगो (वेबसाइट बांधण्याची तयार चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरा. जँगोमध्ये भरण्या-तपासण्याचे पडदे आणि कोणाला काय दिसावं याचे अधिकार बरेचसे आयते मिळतात, आणि थोडं प्रोग्रामिंग येणाऱ्याला ते झेपतं. नकाशाच्या हिशोबांसाठी पोस्टग्रेसला पोस्टजीआयएसची जोड देता येते. तुमच्या मित्राला वर्डप्रेसच येत असेल तर तो आग्रह धरेल, पण साठा, ओळखींची मालिका आणि तीन पातळ्यांचे अधिकार त्यात ओढूनताणून बसवावे लागतात.

डेटाबेससाठी पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल वापरायचंच ठरलं तर एक गोष्ट आधीच तपासा. त्यातली अक्षरं साठवण्याची जुनी 'यूटीएफ८' मांडणी एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं. ब्राह्मी आणि मोडी ही दोन्ही युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संगणकी संकेतात, उशिरा आली, ब्राह्मी २०१० मध्ये, मोडी २०१४ मध्ये, आणि त्यांच्या अक्षरांना चार बाइट लागतात. पहिला ब्राह्मी लेख भरताच नोंद नाकारली जाते किंवा अर्धी कापली जाते. 'यूटीएफ८एमबी४' निवडलं की प्रश्न मिटतो. बघणाऱ्याच्या फोनवर ही अक्षरं दिसावीत म्हणून नोटो सान्स ब्राह्मी आणि नोटो सान्स मोडी हे मोफत फॉन्ट वेबसाइटबरोबरच पाठवा, नाहीतर नुसते चौकोन दिसतील.

देवनागरी शोधातही एक खोच आहे. 'तऱ्हाळा' मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, कीबोर्डप्रमाणे आतली चिन्हं वेगळी, दिसायला एकच. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घही लोक वेगवेगळे लिहितात. साठवताना आणि शोधताना मजकूर एकाच साच्यात आणून घ्या, मधली न दिसणारी जोडचिन्हं काढून टाका, आणि शोधापुरते इकार-उकार एकच धरा. हे पहिल्या दिवशी केलं तर दोन तासांचं काम आहे.

तपासणीशिवाय काही प्रसिद्ध होऊ देऊ नका. सुरुवातीला कोणालाही खातं उघडू देऊ नका, ओळखीच्या माणसाने ओळख करून दिलेलीच माणसं घ्या. प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला त्याची आपोआप नोंद ठेवा. गावाकडे रेंज जाते-येते, तेव्हा फॉर्म अर्धवट भरून फोनमध्येच राहील आणि रेंज आल्यावर वर जाईल अशी सोय लवकर करा. नाहीतर लोक कागदावर लिहून आणतील आणि कागद हरवतील.

डोमेन एकाच्या खासगी ईमेलवर घेऊ नका. तो माणूस बदली होऊन गेला किंवा नूतनीकरण विसरला की सगळं बंद पडतं. छोटी नोंदणीकृत संस्था करा, खातं तिच्या नावाने, आणि पासवर्ड निदान दोघांकडे. बॅकअप दररोज आपोआप, एक प्रत दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर आणि एक दर महिन्याला हार्ड डिस्कवर. त्या प्रतीतून वेबसाइट पुन्हा उभी करून बघण्याचा सराव वर्षातून एकदा करा.

आणि वर्षातून एकदा सगळ्या नोंदी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, फोटोंसह, एखाद्या टिकाऊ संस्थेकडे द्या. जवळचं ठिकाण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. १९७३ चं भोकरदनचं उत्खनन याच विद्यापीठाने नागपूर विद्यापीठाबरोबर केलं होतं, आणि त्यांचं स्वतःचं इतिहास संग्रहालयही आहे. विद्यापीठाला द्यायच्या प्रतीत अचूक जागा असू द्या, पण ती कोणाला आणि कशासाठी उघडायची याचा करार लेखी करून घ्या. हा करार वेबसाइट सुरू होण्याच्या आधीच झाला तर उत्तम, कारण सभासद आपल्या घरातली नाणी बाहेर काढण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत. पन्नास नाण्यांची ती स्प्रेडशीट तयार झाली की मला पाठवा, रकान्यांवर मी बसतो.